नाव घातलेला डबा

मी, श्रीमती नीला हरिहर टिपणीस, वय ७४, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार रामनगर, डोंबिवली (पूर्व), आज रोजी पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि घरात कोणी रुसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. पण तेच डॉक्टर सह्यांसाठी चार कागद पुढे करतात, तेव्हा आपलाही एक कागद तयार असलेला बरा.

मसुदा आमच्या सोसायटीतल्या ॲडव्होकेट श्रीपादने करून दिला होता. तो जेमतेम दीड पानाचा होता. श्रीपाद सातवीत माझ्या वर्गात होता आणि निबंधही तो असेच आखूड लिहायचा. माझा मजकूर पाहून म्हणाला, "टीचर, कोर्टाला एवढं लागत नाही." मी म्हटलं, "कोर्टाला नको असेल, माझ्या मुलांना हवंय. तू कलमांचे आकडे घाल, बाकीचं माझं मी बघते."

कलम १. माझा राहता फ्लॅट माझी मुलगी देवयानी आणि मुलगा केदार यांना समसमान मिळावा. केदार इथेच राहतो, त्याला कोणी ऊठ म्हणू नये. देवयानीने मला ठाण्याला बोलावून बोलावून जीभ झिजवली. तिच्या खोपट डेपोजवळच्या घरी एसटीचे हॉर्न ऐकू येतात, झोप लागत नाही, असं मी सांगत आले. ती थाप होती. झोप मला कुठेही लागते. हा पत्ता मी का सोडला नाही, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांत निम्म्या निम्म्या. पाटल्या देवयानीला. मोहनमाळ सून ऐश्वर्या हिला, कारण ती मागत नाही आणि आरशासमोर उभी राहून रोज बघते, हे मी पाहिलेलं आहे. मागायला हवी होती गं, आधीच दिली असती.

कलम ३. माझे दिवस घालू नयेत. तेराव्याला जेवण घालायचंच असेल तर वालाचं बिरडं करावं, वाल घरी सोललेले असावेत. बाजारचे सोललेले आणले तर मला कळेल.

कलम ४. माझी धाकटी जाऊ हेमांगी, राहणार कल्याण, हिच्याकडे माझी एक परात, दोन पातेली आणि झाकणाचा एक मोठा डबा आहे. केदारच्या मुंजीच्या वेळी ही भांडी तिच्या घरी गेली आणि तिथेच नांदली. मी मागितली तेव्हा ती चार बायकांच्या देखत म्हणाली, "वहिनी, नाव दाखवा आणि घेऊन जा." नाव कुठून दाखवणार? माझ्या भांड्यांवर नावंच नाहीत. त्यावरून सासरी माझी भरपूर थट्टा झाली. मास्तरीण सगळ्या वह्यांवर नाव घालायला लावते आणि हिच्या घरचा चमचासुद्धा बेवारशी, असं म्हणत. मी ऐकून घेतलं. ती भांडी मी आता हेमांगीला रीतसर देऊन टाकते. यापुढे तिने ती दिलेली म्हणून वापरावीत, चव बदलते का बघावं. हेमांगी, माझा राग केव्हाच गेला आहे. पण हे लिहून मजा आली, तेवढी घेऊ दे.

कलम ५. आता भांडी बिननावाची का, ते. देवयानीला हे अर्धं ठाऊक आहे. केदारला गेल्या महिन्यापर्यंत अजिबात नव्हतं, तो नंतर जन्मला. खरं तर या एका कलमासाठीच मी लिहायला बसले.

लग्नानंतर आम्ही कुवेतला गेलो. माझे पती कै. हरिहर तिथे एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. यांचं अक्षर इतकं देखणं, की नकाशावरची अरबी नावंसुद्धा हेच गिरवत. आपल्यात नवं भांडं घेतलं की दुकानदार पहिलं विचारतो, नाव काय घालू? तिथे तसं विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून एका सुट्टीत यांनी कल्याणच्या बाजारातून नाव घालायचं मशीन विकत घेतलं. पेनासारखं हातात धरायचं, विजेवर घुर्र करतं. मग काय, तिथल्या झाडून साऱ्या मराठी घरांतली भांडी यांच्यापुढे रांगेत.

आमच्या शेजारी उम्म खालिद राहत असे. म्हणजे खालिदची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. तिचे वडील व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असत, त्यामुळे तिला तोडकंमोडकं हिंदी येत होतं. तिच्याकडून खजूर आला की मी तिचं भांडं रिकामं परत देत नसे, आणि माझं भांडं तिच्याकडून कधी रिकामं आलं नाही. ही रीत आपल्याकडे आहे तशीच त्यांच्याकडेही. एका ईदला यांनी स्टीलच्या डब्यांची जोडी आणली. एका डब्यावर माझं नाव आणि डोंबिवलीचा हाच पत्ता मराठीत घातला. दुसऱ्यावर खालिदच्या वडिलांचं पूर्ण नाव अरबीत. तेव्हापासून दोन्ही डबे दोन्ही घरांत फिरत राहिले.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात शिरलं आणि राहिलं. देवयानीच्या शाळेत त्यांनी तळ दिला, बाकांचं सरपण केलं. दुकानं लुटली गेली. औषधं मिळेनाशी झाली, आणि समोरचे वृद्ध गृहस्थ इन्सुलिनवाचून गेले. सैनिक याद्या घेऊन माणसं शोधत फिरत, म्हणून लोकांनी गल्ल्यांच्या पाट्या, घरांचे नंबर, दारांवरची नावं सगळं काढून टाकलं. आमच्या गल्लीतल्या पाट्या खालिदने आणि त्याच्या मित्रांनी उतरवल्या. यांनीही आमच्या पाटीचे स्क्रू काढले. सैनिकाने पत्ता विचारला तर म्हातारी माणसंसुद्धा माहीत नाही म्हणत.

संचारबंदीत उम्म खालिद माझ्याकडे येऊन वाल सोलत बसे. वाल मी डोंबिवलीहून नेलेले. ती म्हणे, "नीला, इतना छोटा दाना, इतना टाइम?" मी म्हणे, "टाइमही टाइम है." बाहेर रणगाडा गेला की काचा थरथरत, आणि आम्ही दोघी खाली मान घालून सालं काढत असू. त्या बाईवर मी बहिणीसारखी माया केली. सख्ख्या बहिणीशी माझं इतकं पटत नाही.

खालिद बावीस वर्षांचा होता. पत्रकं वाटायचा, अडकलेल्या घरांत पाव पोचवायचा. त्याचं नाव यादीत आल्याचं कळलं, तेव्हा तो दुसऱ्या नावाचं ओळखपत्र घेऊन आत्याकडे दुसऱ्या वस्तीत राहायला गेला. आईला त्याच्याकडे जाता येत नव्हतं. परदेशी म्हणून यांना जरा मोकळीक होती. मग हे बेकरीच्या रांगेत उभे राहत आणि खालिदला डबा देत. त्या दिवशी मी बिरडं आणि भात केला होता. हाताशी आला तो डबा भरला. डबा घेऊन गेलेला खालिद पुढे चौकीवर अडवला गेला. बघणाऱ्यांनी सांगितलं, सैनिकाने आधी ओळखपत्र वाचलं, मग डबा वाचला. ओळखपत्रावर एक नाव, डब्यावर खालिदच्या वडिलांचं.

अख्ख्या गल्लीतली नावं आम्ही पुसली होती. डब्यावरचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. भांड्यावरचं नाव आपण वाचतो कुठे? ते असतंच.

मुलगा धरला गेला, एवढं यांनी उम्म खालिदला जाऊन सांगितलं. डब्याचं सांगायला जीभ रेटली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्हा भारतीयांना बसने बसरा, बगदाद करत अम्मानला नेलं आणि तिथून विमानाने मुंबईला. निघताना माझ्या नावाचा डबा तिच्याकडे राहिला. तिच्या घरात भरायला काही उरलं नव्हतं, आणि रिकामा ती देईना. युद्ध संपल्यावर पत्रं पाठवली, पण ते लोक तिथून हलले होते, उत्तर आलं नाही.

इथे आल्यावर यांनी मशीन जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं. माझं नवं भांडं नाव घालायला दुकानात दिलं तरी यांचा चेहरा उतरायचा. मी देणं सोडलं. दारावर पाटीसुद्धा मीच लावली, यांनी स्क्रूला हात लावला नाही. मधूनच, जेवताना, बाजाराची पिशवी घेताना विचारायचे, "नीला, तिला कळलं असेल का गं? काय म्हणत असेल मला?" मी म्हणायचे, "काही म्हणत नसेल, जेवा." नऊ वर्षांपूर्वी हे गेले. शेवटच्या आजारातही तोच प्रश्न होता आणि माझ्याकडे तेच फुसकं उत्तर. म्हणून मी हा पत्ता सोडला नाही. उत्तर आलंच तर डब्यावरच्या पत्त्यावर येणार होतं.

ते गेल्या महिन्यात आलं. गणपतीच्या आदल्या दिवशी टिटवाळ्याची एक मुलगी दारात उभी. नाव संचिता, कुवेतच्या एका हॉस्पिटलात नर्स, सुट्टीवर आलेली. पाणीसुद्धा न घेता बोलायला लागली.

"काकू, तुम्हीच नीला टिपणीस ना? अहो, आमच्या वॉर्डात एक आजी ॲडमिट झालेली. हॉस्पिटलचं जेवण नकोच बोलायची. घरचंच पाहिजे, ते पण एकाच डब्यातून. मी डबा धुवायला घेतला, बघते तर मराठी! रामनगर, डोंबिवली. मला तर रडूच आलं. आजी बोलली, ही माझी शेजारीण आहे, शोध."

खालिदचं तिनेच सांगितलं. चार वर्षांपूर्वी इराकच्या वाळवंटातल्या एका सामूहिक कबरीतून त्याची हाडं मिळाली, तपासणीत ओळख पटली, आणि आईने त्याला आपल्या मातीत पुरलं. मग संचिताने फोन लावून माझ्या हातात दिला. पडद्यावर उम्म खालिद. दात गेलेत, डोळे तेच.

"नीला," ती म्हणाली, "तेरा डब्बा मेरे पास है. खाली था, इसलिए वापस नहीं दिया."

मी हसले, रडले, दोन्ही केलं. मग मात्र विचारून टाकलं. "उस दिन का दूसरा डब्बा... उसपे नाम था, इसलिए खालिद को पकड़ा. तुमको मालूम है?"

"मालूम है. चौकी पे पड़ा था, बेकरीवाला डब्बा घर लेके आया. गली का नाम नहीं, घर का नंबर नहीं. डब्बे का नाम पूछते-पूछते आया." "डब्बा खाली था, नीला. मेरा बेटा बेकरी में ही खाके गया. कितनी माँ को इतना भी मालूम नहीं. हरिहर को बोल."

मी म्हटलं, "वो नहीं रहे."

"फिर भी बोल."

फोन ठेवल्यावर मी यांच्या फोटोपुढे उभी राहिले आणि शब्द न शब्द सांगितला. संचिता आणि केदार स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. पोरं शहाणी आहेत.

कलम ६. नाव घालायचं मशीन देवयानीचा मुलगा सुश्रुत याला. केदारने ते माळ्यावरून काढून दिलं, प्लग बदलला आणि चालू केलं, तर लगेच घुर्र. मी एका वाटीवर ‘नी’ काढून पाहिला, तो केविलवाणा आला. सुश्रुतचं अक्षर आजोबांवर गेलं आहे. त्याने घरातल्या सगळ्या भांड्यांवर नावं घालावीत, चमच्यांसकट. हेमांगीकडच्या भांड्यांवर हेमांगीचं घालून द्यावं.

कलम ७. हे कलम मी गेल्यावर उघडायचं नाही, आजच वाचायचं. मी एक नवा डबा आणला आहे. त्यावर सुश्रुतने ‘हरिहर टिपणीस’ असं एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला अरबीत घालावं. अरबी नमुना यांच्या जुन्या नकाशावरून काढून ठेवला आहे, तो गिरवावा. वाकडं झालं तरी चालेल. डब्यात वाल भरावेत. संचिताचं विमान शुक्रवारी आहे. माझं मंगळवारी काय व्हायचं ते होवो, डबा शुक्रवारी गेला पाहिजे. उम्म खालिद नव्वदीला आली आहे, आम्हा दोघींनाही आता उशीर परवडत नाही.

तिकडून कधी ना कधी डबा भरून येईल. तो घासून, भरून परत पाठवावा. ती नसली तर तिच्या मुलीला, मी नसले तर देवयानीने, देवयानीला वेळ नसला तर केदारने. ही जबाबदारी माझ्या वारसांवर फ्लॅटच्या आधी आहे. श्रीपाद म्हणतो, असं कलम कायद्यात बसत नाही. बसव म्हटलं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवयानीने करावी. हे मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि खालील दोघांच्या समोर सही केली.

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

(सही) नीला हरिहर टिपणीस

साक्षीदार १: ॲड. श्रीपाद, रामनगर, डोंबिवली (पूर्व). टीचरांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धलेखन त्यांनीच तपासलं आहे.

साक्षीदार २: संचिता, टिटवाळा. काकूंनी माझ्यासमोर सही केली. डबा न्यायला मी गुरुवारी हॉस्पिटलात येईन आणि तो काकूंच्याच हातून घेईन.