चौथ्यातून तिसऱ्यात

चाचा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? दर्यापूरला तुमच्या घरामागच्या खोलीत मी भाड्यानं राहायला आले, तेव्हा नर्स म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती. माझ्याकडे पाच गावं होती. जीप भरली की निघायची, न भरली की निघायची नाही, आणि लसीचा डबा मांडीवर घेऊन मी स्टँडवर बसून राहायचे. भावानं नवी गाडी घेतली तेव्हा त्यानं जुनी मोटारसायकल चांदूर बाजारहून टेम्पोत टाकून पाठवून दिली. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती. शाळेच्या मैदानावर मी आपली आपणच ती चालवायला लागले. गिअर वर टाकणं दोन दिवसांत जमलं. उतरवणं मात्र जमेना. चौथ्यातून तिसऱ्यात येताना गाडी अशी हिसका द्यायची, की मी टाकीवर जाऊन आदळायचे.

मग पावसाळ्यात, डांबर संपून काळी माती सुरू होते तिथे, घाबरून मी चौथ्यातून एकदम दुसऱ्यात आणली आणि क्लच सोडून दिला. मागचं चाक जागीच अडलं आणि गाडी आडवी झाली. मला फारसं लागलं नाही, पण डबा उघडून लसीच्या बाटल्या चिखलात पडल्या. त्या दिवशी पंधरा बायका लेकरं कडेवर घेऊन माझी वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना परत पाठवावं लागलं.

संध्याकाळी मी गल्लीत शिरले तेव्हा तुम्ही ओट्यावर चहा पीत होता. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, पण मोतीबिंदूमुळे समोरचं सगळं धुरकट झालेलं. माझ्या सलवारीवरचा चिखल तुम्हाला दिसला नसावा. तुम्ही गाडी ऐकली.

"काहून मारून राहिली वं तिले? तिनं का केलं तुयं?"

मी म्हटलं, गिअर नीट उतरत नाही. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "गिअर उतरते बरोबर. तूच उतरू देत नाई." मग तिथेच, गाडी उभी असताना, तुम्ही मला समजावून सांगितलंत. ते अजून जसंच्या तसं कानात आहे. "चाक फिरून राहिलं जोरात अन् तू रेस सोडली म्हून इंजिन फिरून राहिलं हळू. दोघाइची गाठ एकदम घालून देशील त झटका बसनच. क्लच दाब, टाच मार, अन् सोडायच्या आंधी बारीकशी रेस दे. इंजिन चाकाच्या बरोबरीत आलं का मंग सोड. अन् एका वक्ती एकच गिअर." जुन्या बसमध्ये हे केल्याशिवाय गिअर पडायचाच नाही, असंही म्हणालात. पन्नास माणसं मागे बसलेली असायची, त्यात कुणी पोटुशी, कुणी म्हातारं. धक्का बसला की शिव्या ड्रायव्हरला.

दुसऱ्या दिवसापासून कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. तुम्ही माझ्या मागे बसला नाहीत. "मी बसलो त लोक का म्हंतीन, तुले मालूम हाय," एवढंच म्हणालात आणि चाचींना हाक मारलीत. चाची बुरखा सावरत एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "मेरेको गिराएगी ये लडकी." तुम्ही काठी टेकून रस्त्याच्या कडेला उभे. मी तुमच्यासमोरून जायचे, गिअर उतरवायचे, वळायचे, परत यायचे. झटका बसला की चाचींचं कपाळ माझ्या पाठीवर आदळायचं आणि त्या ओरडायच्या, "लगा!" तुम्हाला ते ऐकायची गरज नसायची. गाडीच्या आवाजावरूनच, दुरून काठी वर करून सांगायचात, रेस कमी पडली, किंवा क्लच लवकर सुटला.

आठेक दिवस असेच गेले. एक दिवस चाची पूर्ण फेरीत काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या. थांबून विचारलं, तर दचकून म्हणाल्या, "पहुँच गए क्या?" त्यांना डुलकी लागली होती. तुम्ही हसला नाहीत. "आता मालावर हात बसवा लागन," म्हणालात. माल म्हणजे वजन. पुढचे चार दिवस चाचींच्या मांडीवर ज्वारीचं लहानसं पोतं होतं.

त्या वर्षांत कपाशीवर इतकी फवारणी चालायची, की गाव दिसायच्या आधी औषधाचा वास यायचा. पोळा होऊन गेलेला. एका दुपारी माझ्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात बैलगाडी येऊन थांबली. आत पस्तिशीची एक बाई होती, आणि तिला धरून बसलेली तिची जाऊ. त्या वर्षी माणूस मिळेना म्हणून ती स्वतःच पाठीवर पंप घेऊन फवारत होती. लुगडं औषधानं भिजलेलं, तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. आम्ही तिचं लुगडं उतरवलं, साबणानं अंग धुतलं, माझ्याजवळची साडी गुंडाळली. याहून जास्त काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. जीप निघून गेली होती, पुढची संध्याकाळी. तिला दर्यापूरच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी काढली.

तिला मधे बसवलं, मागे जाऊ, आणि दोघींच्या कमरेभोवती माझी ओढणी बांधली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. लाळ मानेवरून आत उतरत होती, आणि तिचा घुरघुरणारा श्वास थेट माझ्या कानाशी. मधल्या नाल्याला मोठा उतार आहे, खाली पाणी साचलेलं, पलीकडे लगेच चढ. तिथे नुसता ब्रेक दाबला असता तर तिघी चिखलात गेलो असतो, आणि हिसका बसला असता तर ती बाजूला घसरली असती. मी उताराच्या आधीच तिसऱ्यात आणली, मग दुसऱ्यात. तिचं डोकं जागचं हललं नाही. मला आठवतं, त्या क्षणी मी तिचा विचार करत नव्हते. रेस बरोबर बसली का, एवढाच विचार होता. चढावर तिची जाऊ मागून म्हणाली, "चालते जी श्वास, चालते."

दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला गेला तो म्हणजे, "घेतलं का लागलं?" म्हणजे औषध जीव द्यायला घेतलं, की फवारताना अंगाला लागलं. तेव्हा सगळीकडे हाच प्रश्न आधी यायचा. जाऊ रडत म्हणाली, "लागलं जी, लागलं. फवारून राहिली होती." सुईवर सुई देत त्यांनी तिला तीन दिवसांत उठवून बसवलं. पुढे कितीतरी वर्षं ती संक्रांतीला मला तीळ पाठवायची.

हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच त्या संध्याकाळी मला बसवून सगळं दोनदा सांगायला लावलं होतं. नाल्याचा भाग तीनदा. ऐकून झाल्यावर म्हणालात, "पाण्यात क्लच दाबून नाई ठेवला ना?" नाही म्हटल्यावर मान हलवलीत. तुमच्याकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच.

चार दिवसांनी एक स्थानिक बातमीदार उपकेंद्रावर आला. त्यानं गाडीजवळ उभं करून माझा फोटो काढला आणि विचारलं, "ताई, गाडी कोणी शिकवली?" मी म्हटलं, भावानं. तसंच छापून आलं, फोटोखाली.

तुम्ही तो पेपर चाचींच्या भाच्याकडून वाचून घेतलात. मला ते चाचींनीच सांगितलं, अंगणात कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता. "पूरा पढवाया. दो बार." त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी गाडी लावली. तुम्ही म्हणालात, "फोटू चांगला आला म्हंतेत." मी "हो" म्हटलं. तुम्ही विचारलंत, चहा घेशील का. मी घेतला. त्यानंतर वर्षभर मी तिथे राहिले. तुम्ही पुन्हा गाडीची एकही गोष्ट काढली नाहीत. चूक काढली नाहीत, काठीही वर केली नाहीत. मी गल्लीत शिरताना मुद्दाम गिअर वाईट उतरवून पाहिला एकदा. तुम्ही चहा पीत राहिलात.

बदली झाली तेव्हा निघताना तुम्ही क्लचची एक नवी तार हातात ठेवलीत, गुंडाळून, दोऱ्यानं बांधलेली. "रस्त्यात तुटते," म्हणालात. तुम्ही गेल्याचं मला बदलीच्या गावी, तेल्हाऱ्यात, महिन्यानंतर कळलं. मी चाचींना भेटून आले. त्यांच्याशी तुमच्या दुखण्याबद्दल बोलले, डोळ्यांच्या राहून गेलेल्या ऑपरेशनबद्दल बोलले. पेपरचा विषय दोघींनीही काढला नाही.

लोक काय म्हणतील म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं वाटण्यासारखं होतं, कारण तुम्हीही तेच म्हणाला होतात. पण त्या दिवशी मला कुणाचीच भीती वाटली नव्हती, चाचा. बातमीदार घाईत होता. घरमालक, एसटीचे ड्रायव्हर, डोळ्यांनी कमी दिसणारे, असं सगळं सांगायला चार वाक्यं लागली असती. भाऊ म्हटलं की एका शब्दात काम होत होतं.

हे पत्र मी चाचींच्या भाच्याकडेही पाठवणार नाही. परवा आमच्या अकोल्याच्या दवाखान्यात नव्या आलेल्या एका सिस्टरनं कौतुकानं विचारलं, "मॅडम, त्या काळी तुम्हाला गाडी कोणी शिकवली हो?" तेव्हा कसलीच घाई नव्हती. आम्ही दोघी डबा खात बसलो होतो, दुपार रिकामी होती.

मी पुन्हा भावाचंच नाव सांगितलं.