कपाळावरची राख

राखेचा बुधवार, संध्याकाळ

शबानाभाभीने माझ्या कपाळावरची राख पुसून टाकली. चर्चमधून येऊन मी दाराशी चावी शोधत होते, तेवढ्यात ती शेजारून आली आणि ओढणीचं टोक फिरवत म्हणाली, "आज फिर जलाया क्या उन लोगों ने? देखो, तुमको भी कालिख लग गई." उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी फादरनी राखेने काढलेला क्रूस गेला. मागच्या गोडाऊनमध्ये रोज चिंध्या आणि प्लास्टिक जाळतात. वाळत घातलेल्या कपड्यांवरही तेच काळं पडतं.

राग नाही आला. भीती वाटली. इथे राख म्हटली की ती गोडाऊनचीच, असं झालंय का?

फादर म्हणाले, देव सगळं नवं करील, पण तोवर ही पृथ्वी आपण सांभाळायची. मी मान डोलावली. कचरा वेगळा करते, कापडी पिशवी नेते. त्या धुराबद्दल मात्र गप्प. कारण ते गोडाऊन माझ्या नवऱ्याच्या शेठचं आहे. मागे बोलले तर जॉन म्हणाला, "तू मधी पडू नको. जाळायचं काम माझ्याकडंच हाय. नाय म्हटलं तर उद्यापासून ड्युटी बंद."

आत्ताच तो आला. शिफ्ट होती, चर्चला गेलाच नव्हता. तरी कपाळावर काळा डाग. पुसायला मी पदर उचलला, तर त्याला खोकला लागला आणि तो थांबेचना.

प्रभू, तू नवं करशील तेव्हा करशील. उद्या शेठकडे मी जाणार आहे, जाळणं बंद करा म्हणायला. जॉनला अजून सांगितलेलं नाही.