अडतीस घरांची वाडी

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

सातारा,
सोमवार, ता. ४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. राहीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. नानासोंच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, तरी एरंडाच्या पानाचा शेक इतक्यात बंद करू नको. इकडे थंडी ओसरली. सासूबाईंचा दमा आहे तसाच. रॉकेलच्या रांगेत सकाळ जाते; मी उभ्याउभ्या माळ ओढून घेते, तेवढंच पदरात.

रॉकेलवरून एक गंमत सांगते. शेजारच्या प्रभावतीबाई, सांगलीकडचे जैन लोक. त्यांच्याकडे महिन्याला पंधरा लिटर जातं, आमच्याकडे सहा. हे रोज म्हणायचे, "काय उधळी माणसं!" मी एकदा पाटीवर मांडलं. ती अकरा माणसं, आम्ही तिघं. माणशी काढलं तर त्यांना दीड लिटरसुद्धा पडत नाही आणि आम्हाला दोन पडतं. ते लोक दिवे लागायच्या आत जेवून मोकळे होतात, आम्ही कंदील जाळत बसतो. ह्यांना पाटी दाखवली तर म्हणाले, "तू मॅट्रिक झालीस तेच चुकलं." पण शेजाऱ्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता तुझ्या शालनच्या लग्नाचं. तू लिहितेस, तासगावचं स्थळ नको, तिथे चार-पाच वर्षांत सहा सुना जळून-बुडून गेल्याचं ऐकलं. त्यापेक्षा आमच्या सासरच्या वाडीचा मानसिंग बरा. वाडीचं वाईट कधी कानावर आलं नाही, शिवाय दाजींनी स्वतः आपला पुतण्या सुचवलाय. खरं आहे. मुलगा निर्व्यसनी, ऊस आहे, दूधदुभतं आहे. मुलाबद्दल मला काही म्हणायचंच नाही.

पण राही, तासगावात तीन हजारांवर घरं असतील. तिथे बाजार आहे, एस.टी. आहे, तिथलं सहा जणींचं सगळ्या मुलखाला कळतं. आमची वाडी अडतीस घरांची. तिथलं तुझ्यापर्यंत कोण आणणार?

रथसप्तमीला आम्ही वाडीला गेलो होतो. मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे मानसिंगच्या आईनं, हळदीकुंकू केलं. कुंकू लावायचं काम माझ्याकडे. लावताना वाकावं लागतं, मग नजर गळ्याकडे जातेच. एकीच्या मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक दिसला. पहिली वारल्यावर दुसरीनं तिच्या नावाचा घालायचा असतो, तो. दोघींना सोडून पुढे आणखी एकीच्या गळ्यात. अशा चौघी निघाल्या.

चार म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटलं. म्हणून कुंकू लावता लावताच आपल्या माहेरच्या आठवून पाहिल्या. आपलं गाव चारशे घरांचं, तिथे टाकवाल्या सहा. म्हणजे आकडा आपलाच मोठा. पण वाडीच्या हिशेबानं पाहिलं तर आपल्या गावात चाळीसच्या वर निघायला हव्यात! आपण हळदीकुंकवाला बोलावलं असतं तर ओसरी भरून अंगणात बसवाव्या लागल्या असत्या.

मला कळतं गं, थोडक्या घरांत एक-दोन इकडेतिकडे झालं की हिशेब उगाच फुगतो. बायका तापानं जातात, बाळंतपणात जातात. वाडीच्या नावानं उगाच पाप नको म्हणून मी तिथेच एकेकीला माहेर विचारत गेले होते. कुणाचं म्हसवड, कुणाचं कवठे महांकाळ, एक तर पार जतकडची. चालत जाता येईल अशा गावातली एकही सून वाडीत नाही. शेजारची गावं वाडीला मुली देत नाहीत, राही. माहीत नसतं ते लांबचे देतात.

तेव्हा अंबूबाईंना, आमच्या चुलत सासूला, हळूच विचारलं.

"आवं मामी, ज्ञानूभावजींच्या पहिलीला काय झालं होतं?"

"पदर पेटला की गं चुलीवर."

"आणि लालासाहेबांच्या?"

"जनावर चावलं शेतात. आन् तू कशाला इचारतीस लय? तू बी दुसरीच की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

चार नव्हेत, पाच. न्हाताना रोज हाताला लागतो तो टाक, पण मोजताना मी तो धरलाच नव्हता. मग तोंडातून निघून गेलं, "आणि मामी, आमच्या घरातलीला काय झालं होतं?" सोळा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

त्या तिळगुळाचं ताट उचलत म्हणाल्या, "ती काय हिरीत-बिरीत न्हाई पडली हां. तापानं गेली."

विहिरीचं नाव मी घेतलंच नव्हतं. आणि लग्न ठरवताना ह्यांनी आपल्या आबांना सांगितलं होतं, बाळंतपणात गेली म्हणून. तुला आठवत असेल, तू दाराआडून ऐकत होतीस.

परतताना एस.टी.त मी ह्यांना सहज म्हटलं, "वाडीत दुसरपणाच्या बायका बऱ्याच दिसतात." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रॉकेल झालं, आता माणसं मोजायला लागलीस?" आणि शुक्रवारी मला न विचारता, गुरुवारी सुपारी फोडायला येतो, असं नानासोंना पत्र टाकून आले. इतकी घाई कशाची?

अन्याय नको म्हणून हेही लिहिते. ह्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. मूलबाळ नाही, तरी टाकून बोलले नाहीत. देवाला फुलं स्वतः आणतात. या माणसाबद्दल असलं मनात आणताना माझा हात जड होतो. पण आता ते चहा पितात आणि मी त्यांच्याकडे बघत राहते. त्यांनी मान वर केली की मी तांदूळ निवडायला लागते.

म्हसवडला जाऊन नाथाला कौल लावावा, असं फार वाटलं. लावला नाही. नाथानं लग्नाला होकार दिला असता तर मी काय करणार होते? देवाचं ऐकणार नव्हते, मग विचारून त्याचा अपमान कशाला? माझ्या देवापुढे मी कधी अशी वागले नव्हते.

हे पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल. गुरुवारी हे येतील. जेवू घाल, नीट बोल, आणि नाही म्हणून सांग. पत्रिका जुळत नाही असली थाप मारू नको. ती उद्या पुन्हा जुळवून आणतील. अक्कानं नको म्हणून लिहिलंय, एवढंच सांग. कारण मला विचारू देत. मी पाटी पुसलेली नाही.

तासगाव वाईट नाही, एवढाच माझ्या बोलण्याचा अर्थ. तिथेही डोळे झाकून देऊ नको. आधी शेजारणीकडे चौकशी कर, तिथल्या आजूबाजूच्या गावांच्या मुली त्या घरात सुना आहेत का ते बघ. शालनला हे पत्र वाचू दे. ती आता लहान नाही.

यापुढे दर सोमवारी मी तुला पोस्टकार्ड टाकीन. दोन ओळींचं असेल, पण माझ्या अक्षरात. एखाद्या आठवड्यात आलं नाही तर वाट बघत बसू नको, नानासोंना इकडे पाठव. इथून कुणी काहीही कारण कळवलं तरी पाठव. आणि त्यांना म्हणावं, मला समोर बघितल्याशिवाय परत फिरू नका.

आज सोमवारी खुशाल असलेली,
तुझी अक्का