एका डब्यावर दोन चिठ्ठ्या

चि. धाकटीस, दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, खोली उबदार आहे. आईचा गुडघा कसा आहे? पुढचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

कारखान्याच्या खानावळीसाठी मी प्रोग्राम लिहिला, हे तू गावभर सांगितलंस. त्यात जेवणाऱ्यांची यादी आहे. दुपारी जो जेवला त्याचं नाव काढायचं. मूळ यादी रात्रीसाठी शाबूत राहावी म्हणून मी तिची नक्कल केली आणि नावं नकलेतून काढली. पण ती नक्कल नव्हतीच गं, त्याच यादीला दिलेलं दुसरं नाव होतं. डबा एकच, वर चिठ्ठ्या दोन. नक्कल रिकामी झाली तशी मूळ यादीही झाली.

संध्याकाळी पडद्यावर एकही नाव दिसेना, म्हणून स्वयंपाकाच्या मावशींनी शेगडी पेटवलीच नाही. पाळी संपवून आलेली माणसं उपाशी बसली. नाचता येईना अंगण वाकडं, तशी माझी गत. सगळ्यांदेखत मी मावशींना म्हणालो, "वाचता येत नसेल तर विचारायचं."

चूक माझी निघाली तेव्हा मान वर होईना. आज सगळ्यांदेखतच माफी मागितली. थोड्या वेळानं मावशी माझ्यापुढे ताट ठेवून म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत नाही. तरी वाढलंय. बसा."

खरंच, सगळ्यांची नावं घालताना मी माझं विसरलो होतो. ताटात काही टाकलं नाही.

आईला एवढंच सांग, दादा पोटभर जेवतो.

तुझा,
खाली मान घातलेला दादा