खूण खाली

रविवार, ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे ठीक आहे. पाट्या रंगवण्याच्या दुकानात मालक आता मला बारीक अक्षरंही देतात. परवा दाताच्या दवाखान्याची पाटी केली, एकही अक्षर पुसावं लागलं नाही. मी सातवीतच शाळा सोडली याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं, म्हणून मुद्दाम कळवतो.

आज तुम्ही दगड बसवलेल्या चौकात जाऊन आलो. जिथून राजाची फर्मानं वाचत, तो ओटा अजून आहे. त्यावर आता लोक बसून शेंगदाणे खातात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मनोऱ्याच्या दारापासून सरळ अकरा दगड मोजले, मग डावीकडे चार. चुकू नये म्हणून तीनदा मोजले. दगड सापडला, पण तुमची खूण सापडली नाही. गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. काय हरवलं, असं पहारेकऱ्यानं विचारलं. वडिलांची खूण, असं सांगितल्यावर तो हसला.

वीस वर्षांत पायांखाली झिजली असावी. अंथरुणावरून तुम्ही एवढं एक काम सांगितलंत, तेही मला जमलं नाही. रागावू नये. औषध चुकवू नये.

तुमच्या आशीर्वादावर चालणारा,
धाकटा

शुक्रवार, ९ मार्च

चि. मास्तरांस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं आणि बाबा हसले. पार खोकला येईपर्यंत हसले. महिनाभरात या घरात हसण्याचा आवाज नव्हता, रे.

म्हणाले, त्या शहाण्याला कळव की पाथरवट आपली खूण दगडाच्या पोटावर काढतो आणि ती बाजू चुन्यात बसवतो. वरून लोकांनी चालायचं. खूण दिसली म्हणजे दगड उपटला. तुला पाठवलं होतं ते फक्त दगड जागेवर आहे का बघायला. पाथरवटाच्या घरात जन्मून गुडघे सोलून घेतलेस! तुझं शुद्धलेखन पक्कं, म्हणून तर तुला मास्तर म्हणते, बाकी सगळा आनंद.

खूण कशी आहे तेही सांगितलं. दोन उभ्या रेघा म्हणजे तू आणि मी, खाली आडवी आई. मग तुम्ही कुठे, असं मी विचारलं. म्हणाले, मी छिन्नी धरली होती ना.

आता जे लिहिते ते नीट वाच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. इथलं त्यांच्या हातचं सगळं पाडून झालं. विहिरीचा कठडा गेला, शाळेच्या पायऱ्या गेल्या. तो चौक तेवढा उरलाय आणि ते त्यालाच धरून आहेत. दर रविवारी जाऊन त्या दगडावर उभा राहा आणि कळव.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मागायची काय?

तुझी,
ताई

रविवार, १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. बाबांचं वेगळं सोबत आहे.

चौक उखडला, ताई. नळ टाकायला म्हणून खणलंय आणि वर यंत्रानं कापलेल्या फरशा बसवणार आहेत. जुने दगड ओट्याशी ढीग करून टाकलेत. मी सकाळपासून एकेक उलथवून पाहिला. दुपारी सापडला. मधोमध दुभंगलाय, पण खूण शाबूत आहे. दोन उभ्या, खाली आडवी. कालच काढल्यासारखी स्वच्छ. तिला कधी कुणाचा पायच लागला नव्हता ना.

मुकादमानं खुणेचा तुकडा नेऊ दिला. तो माझ्या खाटेखाली पोत्यात आहे.

बाबांना पहिल्यांदा खरं तेच लिहिलं होतं. फाडलं. मग दुसरं लिहिलं. आजवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. वाचून दाखवायचं की नाही, तूच ठरव.

तुझा,
मास्तर

रविवार, १८ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज पुन्हा चौकात जाऊन आलो. तुमच्या दगडावर बराच वेळ उभा राहिलो. जरासुद्धा हलत नाही. एक म्हातारं जोडपं त्यावरून हात धरून गेलं. खूण कुठेही दिसली नाही.

तुमचा,
धाकटा

सोमवार, २६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेलच. तुला पोचायला दोन दिवस लागले असते, म्हणून अंत्यविधी थांबवला नाही; तारेत लिहिल्याप्रमाणे हे पत्र हाती आल्यावरच निघ.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, हा पोरगा गुडघे टेकून शोधणारा आहे. त्याला नाही दिसली म्हणजे नाहीच. आणि भिंतीकडे तोंड करून निवांत झोपले. शनिवारी पहाटे गेले.

तू खोटं लिहिलंस याचं ओझं घेऊ नकोस. वाचलं मी, तेव्हा अर्धं माझं.

येताना तो तुकडा घेऊन ये, जड झाला तरी. उंबऱ्याशी ते बसायचे तिथली माती मी काढून ठेवली आहे. दोघं मिळून बसवू. खूण खाली.

वाट पाहणारी,
ताई