सुटलेलं वर्तुळ

ती. बाबा,

पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, पोटभर जेवते, आईला सांगा.

गावाचे कामधंदे कसे बदलले, ते गावकऱ्यांकडूनच मांडून घ्यायचं, हे आमचं काम. काल मातीत काठीनं एकेका धंद्याचं वर्तुळ काढलं. ज्यानं त्यानं आपापल्या धंद्यात खडा ठेवला. तुमच्यासारखेच एक कुंभार मात्र खडा मुठीत धरून उभे. म्हणाले, "पोरी, ज्यांच्या हाताला कामच उरलं नाही, त्यांचं वर्तुळ राहिलं की!"

ते काढलं, तर एकेकानं येऊन आपला आधीचा खडा उचलला आणि त्यात नेऊन ठेवला.

बाबा, चाक जोरात चालू आहे, असं तुम्ही दर पत्रात लिहिता. खरं सांगा, तुमचा खडा कुठे ठेवाल?

तुमची,
धाकटी