बीपी माझा निघाला

४ नोव्हें., मंगळ.
नेरच्या दवाखान्यात यांना घेऊन गेलती. दिवसभर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, पोट पुढं, जिना चढले की धाप. अन् यांचा बीपी बरोबर! सिस्टरबाई म्हणाल्या, "ताई, बसा, तुमचाही पाहून घेऊ." पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. वरचा १७२. हे हासले. मले तर डोकंही दुखत नाही. मशीनच बिघडली असन.

६ नोव्हें., गुरु.
परत तेवढाच. डॉ.बाईनं विचारलं, तंबाखू? म्हटलं, नाही. पाळी? दोन वर्षं झाले, गेली. आईवडलांत कोणाले हृदयाचं? आई. पन्नाशीही नव्हती झाली. कापूस वेचता वेचता शेताच्या धुऱ्यावर बसली ते बसलीच. ऊन लागलं म्हणे सगळे. दिवाळीनंतरचं ऊन ते. मग ऊनच होतं का...
रक्त दिलं. गोळी सुरू.

७ नोव्हें.
सकाळी मिसरी लावताना हात थांबला. मिसरी म्हणजे तंबाखूच की. पण मी खात कुठं, थुंकूनच टाकते. डॉ.बाईला सांगावं का? लाज वाटते.

१२ नोव्हें.
वरणात मीठ अर्धं. सासूबाई म्हणे, "अळणी कायले करून राह्यली वो?" त्या ऐंशीच्या पुढं, दोन्ही टाइम लोणचं, पापड. ठणठणीत. कोणाले लागू होते अन् कोणाले नाही, काही समजत नाही.

२३ नोव्हें., रवि.
काल बीपी बरोबर निघाला. हे म्हणे, "झाली ना बरी? मंग गोळी कायले?" पटलं. आज नाही घेतली.

२५ नोव्हें.
डॉ.बाई रागावल्या. "गोळी घेता म्हणून बरोबर आहे. मनानं बंद नाही करायची." मिसरीचंही सांगून टाकलं. तेही सोडा म्हणाल्या. म्हणजे मी बरी का बिमार?

१ डिसें., सोम.
बाजारातून येताना चढावर जबडा दुखला, खांद्यापर्यंत. घाम. उभी राह्यली तं दुखायचा थांबला. दाताचं असन. यांनी ऐकलंच नाही, सरळ दवाखान्यात नेलं. डॉ.बाई म्हणे, छातीच दुखली पाहिजे असं नाही, बायांना असंही होते. ईसीजीची पट्टी चांगली आली. तरी यवतमाळला जा म्हणते, उद्याच. पट्टी चांगली तं मंग...

२ डिसें., मंगळ. यवतमाळ
छातीले तारा लावून चालत्या पट्ट्यावर चालवलं. जबडा पुन्हा धरला. तिथल्या डॉक्टरनं मधातच मशीन थांबवली, कागद पाह्यला. मले म्हणे, "बाहेर बसा. मिस्टरांना पाठवा."
हे आत गेले. दार लावलं. मी बाकावर बसून हे लिहून राह्यली. बराच वेळ झाला.
जबडा माझा दुखला, चालली मी. मले सोडून यांना काय सांगून राह्यले?
उठते. दार वाजवते.